मीटरमधला लाल दिवा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांपुढं तोंड उघडायला गेलं की माझा चांगुलपणा आडवा येतो — आणि माझा चांगुलपणा आमच्या घरात फार गाजलेला आहे.

माहेर आमचं नाशिकजवळ, मखमलाबादला. फुलशेती. गुलाब, झेंडू, थोडी शेवंती. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई, मी आणि माझ्यापेक्षा बराच लहान असलेला विलास. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून कॉलेज रोडला राहायला आले. विलासनं मळा सांभाळला. त्याचं लग्न देवळ्याच्या वैशालीशी झालं.

वैशालीबद्दल आधीच सांगून टाकते. तिच्यात काही खोट नव्हती. कांद्याच्या घरातली मुलगी. बोलायला कमी, कामाला वाघ. वर्षभरात आई तिची झाली. रविवारी मी माहेरी गेले की आई मला खुर्ची द्यायची, आणि दुखरे गुडघे मात्र तिच्यापुढं करायची. "वैशे, तूच चोळ, तुझ्या हाताला गुण हाय." मी चहाचा कप धरून बघत बसायचे. एवढंच. यापलीकडं तिनं माझं काय बिघडवलं होतं? काहीच नाही.

आता गाडी.

आमची गाडी नव्वदच्या दशकाच्या शेवटी घेतलेली. ड्रायव्हरपुढं एअरबॅग होती, आणि त्या काळात आम्हाला त्याची मिजास होती. पाहुणे आले की हे स्टेअरिंगवर टकटक करून दाखवायचे. काही वर्षांनी मीटरवर एक लाल दिवा लागायला लागला. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढं एक गोळा, असं चित्र. तो सरळ लागलेला राहिला असता तर बरं झालं असतं. पण तो यायचा-जायचा. गंगापूर रोडवरून डावीकडं वळलं की लागायचा, आणि त्या वेळी हॉर्नही मुका व्हायचा. थोडं पुढं गेलं की दोन्ही आपोआप ठीक. कधी कधी महिनाभर दिसायचाच नाही. दिसला नाही की मला वाटायचं, गेलं दुखणं. दुखणं असं जातं का कुठं?

द्वारकेजवळच्या एका इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली. तो म्हणाला, स्टेअरिंगच्या आत वायरची एक गुंडाळलेली पट्टी असते, ती फिरून फिरून तुटत आलीय. चिकटली की दिवा जातो, सुटली की लागतो.

"मग धडक बसली तर एअरबॅग उघडेल ना?" मी विचारलं.

"भरवसा धरू नका, मॅडम. पट्टी बदलावी लागेल. मुंबईहून मागवू."

मी म्हटलं, बघू. ते 'बघू' वर्षभर चाललं. हे विचारायचे, "तो दिवा दाखवलास का?" मी सांगायचे, हो, काही विशेष नाही.

मग आम्ही नवीन गाडी घ्यायची ठरवली. दसऱ्याला माहेरी सगळे जमले होते — मावश्या, चुलते, वैशालीचे आईवडीलसुद्धा. आणि मी सगळ्यांपुढं म्हणाले, जुनी गाडी आम्ही विकणार नाही, भाऊबिजेला विलासला देणार. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, यंदा बहीण घालेल. आई माझ्याकडं बघत राहिली. वैशालीकडं नाही — माझ्याकडं. ती नजर मला हवी होती. गाडी त्यासाठीच होती, हे तेव्हाही मला कळत होतं.

दिवाळीच्या आठवड्यात गाडी धुवायला काढली आणि दिवा लागला. लागला तो लागलाच, हॉर्न मात्र सरळ जाताना वाजत होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पट्टी दिवाळीनंतरच मिळेल. मी काय करू शकत होते? विलासला सांगू शकत होते — गाडी घे, पण एवढं काम बाकी आहे, सणानंतर करून देते. किती साधं होतं. पण मग ओवाळणी कसली? मोडकी वस्तू बहिणीनं भावाच्या गळ्यात मारली, असंच झालं असतं ना? वैशालीच्या वडिलांनी किल्ली हातात घेऊन विचारलं असतं, हा दिवा कसला —

मी त्या माणसाला म्हटलं, मीटर खोला आणि तो बल्ब काढून टाका.

तो म्हणाला, "मॅडम, भावाला सांगून ठेवा पण."

"सांगते ना," मी म्हणाले.

नाही सांगितलं.

यांना दिवा दुरुस्त झाला असं सांगितलं, आणि भाऊबिजेला ताटात किल्ली ठेवली. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "लेक असावी तर अशी," ती आल्या-गेल्याला सांगत राहिली. वैशालीनं गाडीला हळदकुंकू लावलं. पुढं ती दोघं वणीला, गडावर दर्शनाला गेली, आणि तिथून तिनं देवीची छोटी पितळी प्रतिमा आणली. स्टेअरिंगच्या बरोबर मधोमध चिकटवली. मला दाखवायला गाडी कॉलेज रोडला घेऊन आली दोघं. मी म्हटलं, छान दिसतेय.

विलासनं एकदा फोन केला होता. "ताई, हॉर्न मधेच वाजत नाही गं. वळताना." मला लगेच कळलं काय ते. तोंडाशी आलं होतं. पण आता सांगायचं म्हणजे बल्ब कुणी काढला तेही सांगायचं. मी म्हणाले, "जुनी गाडी आहे, चालायचंच." तो हसून म्हणाला, "बरं." माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता.

अपघात भर दुपारी झाला. वणीला हार पोचवून विलास एकटाच परत येत होता. दिंडोरीच्या अलीकडं द्राक्षबागेच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर न बघता वर आला. विलासनं गाडी डावीकडं घेतली आणि ती चिंचेच्या झाडावर गेली. पट्टा लावला होता, म्हणून जीव वाचला. पण तोंड स्टेअरिंगवर आदळलं. जबडा मोडला. डावा डोळा गेला.

डावीकडं वळला, हे एका चुलतभावानं फोनवर सांगितलं आणि मी तशीच निघाले. सबंध रस्ताभर मी रिक्षात पुटपुटत होते — सांगून टाकायचं, गेल्या गेल्या सांगून टाकायचं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे होते. वैशाली भिंतीला टेकून खाली बसलेली, साडीला रक्त. त्याला गाडीतून काढलं तेव्हा ती पोचली होती. डॉक्टर बाहेर आले आणि सहज बोलून गेले, "गाडीला एअरबॅग नव्हती का? एवढं लागलं नसतं."

आईनं मला विचारलं, "ते काय असतं गं?"

मी सांगितलं. स्टेअरिंगमध्ये एक पिशवी असते, धडक बसली की फुगते, तोंड वाचतं. होती आपल्या गाडीला.

"मग नाय फुगली?"

सगळे माझ्याकडं बघत होते. गाडीतलं कळणारी मीच. तेवढ्या क्षणात मी काय विचार केला, हे मी स्वतःला कितीदा विचारलंय. विचार केला नव्हता, असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण केला होता. मला ती पितळी प्रतिमा आठवली. इथून निसटता येईल, हे दिसलं.

मी म्हणाले, "तिथंच वर वैशालीनं देवी चिकटवली होती ना. त्यानं अडली असेल."

'असेल' म्हणाले मी. फक्त 'असेल'. पण आईला तेवढं पुरलं. ती वैशालीकडं वळली. ओरडली नाही. "लय भक्ती झाली तुझी," एवढंच म्हणाली. वैशालीनं वर बघितलं, आधी आईकडं, मग माझ्याकडं. तिला काही समजलंच नव्हतं. मी नजर दुसरीकडं केली.

गाडी मळ्यापुढं आणून टाकली होती. मी हट्ट धरून ती भंगारात घालायला लावली. "मला बघवत नाही," मी म्हणाले. बहिणीचं काळीज, असं लोक म्हणाले. मला भीती होती, कुणीतरी मीटर उघडेल.

विलास बरा झाला, म्हणजे चालता-बोलता झाला. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येईना. गुलाब काढताना कात्री बोटावर चालायची, काट्यांनी हात फाटायचे. मोटरसायकलसुद्धा सोडली. बायकोला तो कधी वाकडं बोलला नाही, पण पूर्वी जेवताना दोघांचं जे बोलणं चालायचं ते बंद झालं. ती वाढायची, तो खायचा. बाजाराला ती टेम्पोत बसून जायला लागली. गडावर मात्र परत गेली नाही. घरातल्या देव्हाऱ्यालाही हात लावेना. आईनं लावू दिला नाही, की तिनंच सोडलं? मी विचारलं नाही.

आणि आई — आई माझी झाली. हेही सांगायला हवं. शेवटच्या आजारपणात तिनं वैशालीच्या हातून अंग पुसून घेतलं नाही. मला बोलावून घेतलं. मी रजा टाकून गेले. तेच गुडघे मी चोळत होते आणि वैशाली दाराशी गरम पाण्याची बादली घेऊन उभी. "ठेव तिथं आन जा," आई म्हणायची. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण त्याखाली काय वाटायचं ते सांगते — मला बरं वाटायचं. भावाचा डोळा गेला होता, एका बाईचं घर गारठलं होतं, आणि मला बरं वाटायचं.

आई गेल्यावर, तेराव्याची पंगत उठल्यावर, मी मागच्या पडवीत हात धूत होते. वैशाली आली. पदराला हात पुसत माझ्याजवळ उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं हा विषय कधीच काढला नव्हता.

"ताई, एक विचारू का? तुम्ही शिकेल आहात, तुम्हाला कळतं. खरंच माझ्यामुळंच गेला का हो यांचा डोळा?"

आसपास कुणी नव्हतं. आई गेलेली होती, तिची नजर आता कुणालाच मिळणार नव्हती. माझं काय जाणार होतं? एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि तोच जुना चांगुलपणा बाहेर आला. मी ओल्या हातानं तिचा खांदा धरला आणि म्हणाले, "जाऊ दे आता, वैशाली. तू काय मुद्दाम थोडीच केलंस. मी कधीच मनात धरलं नाही."

मी तिला माफ केलं.

ती रडली, खूप वेळ, आवाज न करता. मग तिनं डोळे पुसले, वाकली आणि माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं.