आईच्या हातची संत्रा बर्फी

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही.

सौंसरला माझं मिठाईचं दुकान आहे. संत्रा बर्फीवर चालतं. नागपूरकडचे लोक गाडी थांबवून येतात, भाव ऐकतात आणि डोळे मोठे करतात. एवढी महाग? मग मी सुरू होते. घरच्या बागेतली संत्री. प्रत्येक फोडीची पातळ साल, धागे, बिया, सगळं बोटांनी काढायचं. गर मंद आचेवर तासन् तास ढवळायचा. रंग नाही, इसेन्स नाही. लोक माना डोलावतात, पण हात खिशाकडे जात नाही. तो जातो माझ्या शेवटच्या वाक्याला — आमच्या घरच्याच बायका करतात हो, न्हाऊन-धुऊन. मग जामसांवलीला मारुतीपुढे ठेवायला म्हणून आणखी एक डबा घेतात.

डब्यावर माझ्या आईचा फोटो आहे. खाली लिहिलंय, आईच्या हातची. माझ्या आईनं जन्मात बर्फी केली नाही! ती संत्र्याचा रस काढायची, तोही पाहुणे आले तरच.

बर्फी करायची शालूबाई. बोरगावची, बौद्ध. आधी आमच्या बागेत तोडणीला यायची, मग मीच तिला मागच्या खोलीत बसवलं. रसानं तिच्या बोटांची कातडी सोलून निघायची. गिऱ्हाईक आलं की मी मधलं दार लोटून घ्यायची. का, ते वेगळं सांगायला हवं का? मी स्वतः मात्र तिच्या हातचा चहा प्यायची, आणि त्याचा मला केवढा तोरा! आमच्याकडे असलं काही पाळत नाही, असं मैत्रिणींना ऐकवायची. दार लोटूनच, अर्थात.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका हंगामाच्या शेवटी ती म्हणाली, "ताई, आता मी माह्यं सोताचं करून पायतो." पोरीला छिंदवाड्याला नर्सिंगला घालायचं होतं. मी देत होते त्या मजुरीत ते होणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तोंडभर हसले. जुनी कढईसुद्धा दिली.

जामसांवलीच्या फाट्यावर तिनं टेबल मांडलं, वर छत्री. भाव माझ्या निम्मा. माझ्याकडे तेव्हा तिनंच जाण्याआधी करून ठेवलेले डबे चालले होते. एक जुनं गिऱ्हाईक तिची बर्फी घेऊन माझ्याच दुकानात आलं — ताई, ही तर थेट तुमच्यासारखी लागते, मग तुमची एवढी महाग काऊन? मी तुकडा तोंडात टाकला. माझ्यासारखी कशी लागेल? माझी होतीच कुठे?

मला भाव उतरवता आला असता. डब्यावरचा फोटो काढता आला असता. मी काय केलं — सांगते, थांबा.

शनिवारी मी दर्शनाला गेले. शालूबाईच्या टेबलापासून जरा पुढे एक नारळवाली बसायची, माझ्या ओळखीची. नारळ घेता घेता, अगदी सहज, हसत हसत तिला म्हटलं, "देवापुढं ठेवाची आहे, तं कोनाच्या हातची आहे एवढं तरी लोकायनं इचाराव ना बाई." बस. जात काढली नाही, नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. नारळवालीनं एकदा त्या टेबलाकडे पाहिलं. मग हेच वाक्य मी ऑटोवाल्यांना ऐकवलं, गिऱ्हाइकांना ऐकवलं. त्याच हातची बर्फी इतकी वर्षं माझ्या डब्यांतून त्याच मारुतीपुढे जात होती. हे त्या सगळ्यांत एकट्या मला माहीत होतं, आणि वाक्यही माझंच होतं.

खोटं कशाला बोलू? मजा आली. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम तिकडून गेले. ताट भरलेलं होतं, शालूबाई त्यावरच्या माश्या वारत होती. मी लांबून हात केला. तिनंही केला. घरी येऊन मी पोटभर जेवले आणि छान झोपले.

टेबल पावसाळ्याआधीच उठलं. पोरीचं नर्सिंग राहिलं. शालूबाई माझ्या मागच्या दारी आली तेव्हा मी चहा पीत होते, आणि तो संपेपर्यंत तिला उभं ठेवलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "लोकं लय वाईट आहेत, ताई. कोनं पेरलं कोन जाणे. तुमी तेवढं माह्यासंग कधी तसं नाही केलं."

तिला खरंच तसं वाटत होतं. जाऊ दे शालूबाई, म्हटलं, आणि संत्र्याचं टोपलं तिच्याकडे सरकवलं. मजुरी आधीपेक्षा कमी सांगितली. तिनं मान हलवली.

आता तिची पोरगीही शेजारी बसून फोडी सोलते. यंदा मी भाव वाढवला, तरी डबे पुरत नाहीत.

शालूबाईला हे मी कधीच सांगणार नाही. सांगितलं तर ती जाईल, आणि मला बर्फी करता येत नाही.