गादी रिकामी ठेवायची नाही

रजेचे अर्ज ज्याच्या टेबलावरून जातात त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपणहून चालत येतात, सहीसकट. कतारमध्ये, लुसैलच्या एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत मी अ‍ॅडमिन सांभाळते. हजेरी, रजा, मीटिंग रूमचं बुकिंग, ड्रॉइंगवर मारायचे शिक्के, सगळं माझ्याकडे. माणसं रजेसाठी काय काय सांगतात ते ऐकून माझे कान किटलेत. एकाची आजी माझ्या फायलीत चार वेळा वारली आहे.

पण मित्रमंडळी जमली की फर्माईश होते ती राजांच्या किश्शांची. ऐकणारे हसतात. मीही हसत सांगायला सुरुवात करते आणि पुढे पुढे माझंच हसू आटतं.

ऑफिसात मराठी आम्ही तिघंच. मी नाशिकची. इम्तियाजभाई रत्नागिरीचे, कंपनीचे मंदूब. म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवून आणणारा माणूस. आणि तिसरे जयसिंगराव, प्लॅनिंग इंजिनिअर. कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार याचं वेळापत्रक आखायचं, ही त्यांची नोकरी. त्यांना आम्ही राजे म्हणतो. चेष्टेनं नव्हे, ते खरेच राजे आहेत.

* * *

ते मला कळलं त्यांच्या पहिल्या रजेच्या अर्जावरून. नोकरीला लागून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं, 'गावाची सीमा ओलांडण्यासाठी.'

आमचा साहेब ग्रॅहॅम, इंग्लंडचा. त्यानं मला बोलावलं आणि विचारलं, "ही सीमा त्याला वीकएंडला ओलांडता येणार नाही का?"

मला सांगता येईना, म्हणून राजांनाच आत बोलावलं. त्यांनी शांतपणे समजावलं. घाटावरचं सतरा गावांचं संस्थान. स्वातंत्र्यानंतर ते विलीन झालं, गावं गेली, किल्ला सरकारजमा झाला. राहिली फक्त गादी आणि तिचा मान. दसऱ्याला घराण्यातल्या माणसानं तलवार घेऊन सीमोल्लंघन केल्याशिवाय सतरा गावांत कोणी सोनं वाटत नाही. जत्रेचा पहिला नारळ त्यांचा, होळीचा पहिला विस्तव त्यांचा. वडील, म्हणजे आबासाहेब, आता थकले होते. त्यामुळे हे सगळं राजांच्या अंगावर आलेलं.

मला वाटलं आता ग्रॅहॅम हसणार. त्यानं चष्मा काढून ठेवला. म्हणाला, आमच्याकडेही आहेत असे. राजघराण्यात जन्मलेले, पण नोकरी-धंदा करणारे. काहींनी दोन्ही एकदम करून पाहिलं, ऑफिसही आणि फिती कापणंही.

राजांनी विचारलं, "जमलं का?"

"नाही. शेवटी एक सोडावं लागलं."

"कुठलं?"

"नोकरी."

राजे किंचित हसले. "आम्हाला उलटं सोडता आलं असतं तर बरं झालं असतं," म्हणाले. ग्रॅहॅमनं अर्जावर सही केली. त्यानंतर दर वर्षी राजांची रजा दसरा, होळी आणि जत्रेतच संपायची. राणीसाहेब गावी, सासऱ्यांच्या औषधपाण्याला. त्यांच्यासाठी म्हणून एकही दिवस उरायचा नाही.

* * *

एकदा राजे साइटवर गेले. खाली स्कॅफोल्डिंग बांधणाऱ्या गँगमध्ये त्यांच्याच गावचा एक म्हातारा निघाला, ज्ञानू नावाचा. त्यानं राजांना ओळखलं, हातातला पाइप खाली ठेवला आणि क्रेनच्या सावलीत वाकून तीनदा मुजरा केला. त्याच्यामागे आणखी चौघांनी केला. सगळं काम थांबलं.

सेफ्टी ऑफिसर धावत आला. हे काय चाललंय ते त्याला कोणी सांगेना. त्यानं रिपोर्ट लिहिला आणि तो फायलीला लावायला माझ्याकडे आला. 'क्रेनचा लोड डोक्यावर असताना पाच कामगार विनाकारण वाकले.' कोणामुळे, या रकान्यात त्यानं ज्ञानूचं नाव घातलं होतं. राजांनी ते खोडून स्वतःचं लिहिलं आणि खाली सही केली. प्लॅनिंग इंजिनिअरच्या नावावर सेफ्टीचा ठपका, आमच्या ऑफिसात पहिलाच.

मी म्हटलं, निदान त्याला डोक्यावरचं हेल्मेट तरी काढायचं कळलं नाही का?

"वहिनी, काढलं असतं तर अपमान झाला असता," राजे म्हणाले. "आमच्यासमोर कोणी बोडक्यानं उभं राहत नाही. आम्हीही बोडक्यानं बसत नाही."

* * *

त्या दिवसापासून सतरा गावांना पत्ता लागला. दर शुक्रवारी अल मन्सूरातल्या एका उडप्याच्या हॉटेलात, मागच्या टेबलावर राजांचा दरबार भरायला लागला. कोणाचा पासपोर्ट अडकलेला, कोणाचा भावाशी बांधावरून वाद, कोणाच्या मुलीचं लग्न ठरत नाही. राजे ऐकून घ्यायचे, कागदी नॅपकिनवर टिपून ठेवायचे. वेटर चहा आणून वैतागायचा.

त्या उन्हाळ्यात ज्ञानू गेला. जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. कागदपत्रं इम्तियाजभाईंनी दोन दिवसांत केली, एरवी आठवडा लागतो. पण पेटी बंद होण्याआधी राजांना तिथं असायलाच हवं होतं. सतरा गावांतल्या कुठल्याही मयतावर गादीकडून शेला जातो, ही त्यांची रीत. त्यासाठी ते दोह्यातल्या खोलीवर कपाटात शेल्यांचा गठ्ठा ठेवायचे, हे मला तेव्हा कळलं. येताना आणलेले सहा. ज्ञानूचा धरून चार संपले होते.

ते दुपारी परत आले आणि थेट माझ्या टेबलाशी. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "अर्धा दिवस कापा, वहिनी. ते ऑफिसचं काम नव्हतं."

मी कापला. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. नियम म्हणजे नियम, असं मी तेव्हा फार ऐटीत म्हणायचे.

* * *

ग्रॅहॅमच्या देशात नव्या राजाचा राज्याभिषेक झाला. तो सोहळा बघायला त्यानं ऑफिसातल्या सगळ्यांना अबू हमूरच्या आपल्या व्हिलावर बोलावलं. टीव्हीवर बग्गी, मुकुट, घोडे. ग्रॅहॅमच्या बायकोनं केक केला होता. माझी मुलगी इंग्रजीत सतराशे प्रश्न विचारत होती. राजे कोपऱ्यात हातातली बशी न हलवता बसले होते. त्यांनी सबंध कार्यक्रमात एकच गोष्ट विचारली.

"हे आज राजे झाले की आई गेली तेव्हा?"

"आई गेली त्या क्षणी," ग्रॅहॅम म्हणाला. "गादी रिकामी राहत नाही. मग दिवसेंदिवस लोकांना भेटायचं, सह्या करायच्या, अंत्ययात्रेत शवपेटीमागे चालायचं. रडायला सवड कुठली?"

"मागे चालायला मिळतं?" राजांनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून ग्रॅहॅमच्या बायकोनं टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांच्या घराण्यात गादीवरचा माणूस गेला की वारसाला आधी गादीवर बसवतात. तो बसल्याशिवाय देह उचलत नाहीत. आणि एकदा बसला की त्यानं देहाकडे बघायचं नाही, स्मशानात जायचं नाही, सुतक पाळायचं नाही. अग्नी धाकटी पाती, म्हणजे चुलत घराणं, देते. राजाला बाप नसतो, असं मानतात.

"म्हणजे आबासाहेबांनीही त्यांच्या वडिलांना..." मी म्हटलं.

"नाही पाहिलं," राजे म्हणाले, आणि बशीतला केक संपवला.

* * *

पुढच्या पावसाळ्यात आबासाहेबांची किडनी गेली. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात ठेवलं. राजांची चार दिवस रजा शिल्लक होती, दसऱ्यासाठी राखलेली. मी चिडून म्हटलं, या वर्षी दसरा राहू दे, आत्ता जा आणि वडिलांजवळ बसा. ते विचारून सांगतो म्हणाले. विचारलं कोणाला, तर आबासाहेबांनाच, फोनवर.

आबासाहेब म्हणाले, "आम्हाला बघायला येऊ नका. दसऱ्याला या."

ते दसऱ्याला गेले. चारांतले दोन दिवस प्रवासात. सीमोल्लंघन करून, सोनं वाटून, अंगरखा-मंदिलातच गाडीत बसून कोल्हापूर गाठलं. भेटीची वेळ संपत आलेली. दारावरच्या शिपायानं सांगितलं, तलवार आत नेता येणार नाही. कपडे बदलून तलवार गाडीत ठेवून यायला वेळ नव्हता. मग राजांनी ती चपला ठेवतात त्या खिडकीत दिली आणि टोकन घेतलं. वर वडिलांजवळ वीस मिनिटं मिळाली. आबासाहेबांनी एवढंच विचारलं, "तलवार कुठंय?"

हा किस्सा सांगितला की लोक फार हसतात. राजांनी मला सांगितला तेव्हा खिशातून ते टोकन काढून दाखवलं होतं. गडबडीत परत द्यायचं राहून गेलं होतं.

* * *

मंगळवार होता. मी सात वाजता ऑफिसात आले तर राजे माझ्या टेबलासमोर उभे. आबासाहेब पहाटे गेले होते.

आमच्याकडे वडील वारले तर पाच दिवस रजा मिळते, त्या वर्षीची उरलेली असो वा नसो. मी फॉर्म उघडला आणि भराभर भरत गेले. नातं, तारीख, गाव. शेवटचा प्रश्न होता, 'अंत्यविधीला हजर राहणार का?' मी 'हो'वर टिचकी मारणार, तर राजे म्हणाले, "नाही लिहा."

मी म्हटलं, 'नाही' लिहिलं तर सिस्टिम रजा देणार नाही. ती रजा त्यासाठीच आहे.

"मी हजर राहणार नाही, वहिनी. राहायचं नसतंच."

मी हात जोडले. इम्तियाजभाई आले, त्यांनीही सांगून पाहिलं, "अहो राजे, मशीनला काय कळतंय? हो म्हणा, तिकिटाचं मी बघतो." ग्रॅहॅम आईच्या ऑपरेशनसाठी इंग्लंडला गेला होता. त्याला झोपेतून उठवलं. तोही ओरडला, हो लिहा आणि त्याला विमानात बसवा. राजे ऐकेनात. ज्या दिवशी गादीवर बसायचं त्या दिवशीचा पहिला कागद खोटा नको, एवढंच म्हणत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला आणि स्वतः 'नाही'वर टिचकी मारली. अर्ज तिथल्या तिथे नामंजूर झाला.

मला इतका राग आला की रडूच फुटलं. सिस्टिमचा आला, त्या रीतीचा आला आणि सगळ्यात जास्त राजांचा आला.

तेवढ्यात गावाहून कारभाऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. रजा मिळाली असती तरी राजे उद्या दुपारशिवाय पोचत नव्हते, आणि देह सूर्यास्तापुढे ठेवायचा नव्हता. सतरा गावांत सकाळपासून चूल पेटली नव्हती. वारस बसल्याशिवाय उचलता येईना. धाकट्या पातीचा चुलतभाऊ गादीवर बसायला नेसून तयार होता. तो एकदा बसला की उठणार नाही हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

कारभारी म्हणाले, "सरकार, जिथं असाल तिथं बसा. पूर्वेकडं तोंड करून. आम्ही इथनं बघतो. कुंकू लावायला सुवासीन हाय का?"

पूर्वेला तोंड होईल अशी एकच जागा होती, समुद्राकडची मोठी मीटिंग रूम. अकराला तिथं क्लायंटची मीटिंग होती, माझ्याच हातचं बुकिंग. सव्वादहाला मी दार लावून घेतलं. राजांनी सकाळी निघताना गाडीत टाकलेला शेला आणला, उरलेल्या दोनांतला. टेबलाच्या टोकाला साहेबाची खुर्ची होती, ती इम्तियाजभाईंनी समुद्राकडे वळवली आणि तिच्यावर शेला अंथरला. कुंकू कोणाकडेच नव्हतं. माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट, तेही काळ्या. मग मी टेबलावरचं लाल स्टॅम्प पॅड आणलं, रद्द झालेल्या ड्रॉइंगवर शिक्का मारायचं.

राजे बसणार, तर कारभारी फोनमधून ओरडले, "सरकार, डोईला काय न्हाई."

इम्तियाजभाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि दाराजवळच्या फळीवरचं पांढरं हेल्मेट आणून राजांच्या डोक्यावर ठेवलं. हनुवटीचा पट्टाही लावला.

मी अंगठा पॅडवर दाबून कपाळावर ओढला. पलीकडे शिंग फुंकलं. मग चारपाच बायकांचा एकदम रडण्याचा आवाज आला आणि पलीकडचा फोन हलून देहाकडे वळला. राजांनी तत्क्षणी मान फिरवून समुद्राकडे बघितलं.

कारभारी म्हणाले, "महाराज, आता फोन बंद करा. आबासाहेबांस्नी उचलायचं हाय."

त्यांनी फोन बंद केला. मग त्यांनी हेल्मेट काढून फळीवर ठेवलं, शेला घडी करून बगलेत घेतला, खुर्ची होती तशी वळवली. बेसिनपाशी जाऊन कपाळ धुतलं, पण ती शाई निघत नाही. अकराला ते वेळापत्रक घेऊन मीटिंगला बसले. काचेतून मला दिसत होतं. क्लायंटचा माणूस अधूनमधून त्यांच्या कपाळाकडे बघत होता आणि राजे त्याला कुठलं काम कधी संपणार ते सांगत होते.

मीटिंग संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"सव्वादहा ते अकरा," म्हणाले. "पाऊण तास कापा, वहिनी. ते ऑफिसचं काम नव्हतं."

मी कापला.