पायाला हात लावू नको

अंगात येणं, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. भूत दिसलं तर माझ्याकडे पाठवा, हजेरीत नाव घालतो, असं मी शाळेतल्या पोरांना सांगायचो... आजही कुणी काही मानावं असं माझं म्हणणं नाही. माझ्या घरात, माझ्यासमोर घडलं तेवढं लिहितो.

निजामाचा अंमल होता. मी गेवराईजवळ उमापूरला सरकारी शाळेत मास्तर होतो. माझी मुलगी चंपा तेव्हा नऊ वर्षांची. चैत्रात ती चिंचेवरून पडली आणि उजवी नडगी मोडली. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, महिनाभर हलायचं नाही म्हणून बजावलं. लघवीला तिला उचलून न्यावं लागे. त्याची तिला लाज वाटायची, म्हणून पोर पाणीच प्यायची नाही. एवढ्या उन्हाळ्यात... आणि आमच्या ते ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाय मांडीपर्यंत सुजला. हात लावला तर गरम, कातडी ताणून चकचकीत झालेली. हाडवैद्यानं बांधणी सैल केली आणि म्हणाला, "रगत बसलंय. तेल लावून चोळून घ्या."

तानूबाईला बोलावलं. ती गावची सुईण, बाळंतिणींना तेल लावणारी. चंपा तिच्याच हातची. चंपा तिला आजी म्हणायची.

दुपारची वेळ होती. तानूबाईनं कोमट तेल तळहातावर घेतलं. चंपा डोळे मिटून पडली होती. ती एकदम म्हणाली,

"तानूमामी, पायाला हात लावू नको."

आवाज तिचाच होता, पण बोलणं मोठ्या बाईचं. शांत, थकलेलं.

"आजी म्हण गं," माझी बायको म्हणाली.

"मागं बी तू असंच चोळलंस. मी म्हनत हुते, दम लागतोय. तू म्हनलीस, जरा सोस."

तानूबाईच्या हातातली वाटी खाली पडली. तिला तानूमामी म्हणणारं घरात एकच माणूस होतं – माझी धाकटी बहीण गोदा. ती बाळंतपणाला आमच्याकडे आली होती आणि अकराव्या दिवशी वारली. चंपा जन्मायच्या दोन वर्षं आधी. मी तेव्हा ट्रेनिंगला हैदराबादला होतो. ताप आला आणि गेली, एवढंच मला कळवलं होतं.

तानूबाईनं तेलाचा हात पदराला पुसला. "मास्तर, गोदाचा पाय बी असाच सुजलता. मी चोळला. चोळता चोळता तिला दम लागला अन् गेली. खोलीत आमी दोघीच हुतो. मी आजवर कुनाला सांगितलं न्हाई. हिला कुनी सांगितलं?"



पायाला कुणी हात लावला नाही. बैलगाडीत कडबा पसरला, पाय उशीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बीडच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर हैदराबादचे होते. पाय बघून त्यांनी पहिलं विचारलं, "मालिश तो नहीं किए?"

नाही म्हणालो.

मग त्यांनी समजावलं. शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. लहान मुलांत क्वचितच होते, पण मोडलेलं हाड, सलग पडून राहणं आणि पोटात पाणी नसणं, सगळं एकदम जमून आलं. चोळलं असतं तर गाठ सुटून फुप्फुसात गेली असती, श्वास कोंडून पोर हातची गेली असती. "काही घराण्यांत हे रक्तातच असतं. तुमच्यात कुणाचा पाय असा सुजला होता?"

"बहिणीचा," मी म्हणालो.

दीड महिना पाय उंच ठेवून, तासातासाला पाणी पाजून त्यांनी चंपाला उभं केलं. आज ती लेकुरवाळी आहे. त्या दुपारचं तिला काहीच आठवत नाही. "मी झोपले होते, अण्णा," म्हणते.

गाठ का झाली ते डॉक्टरांनी सांगितलं, मला पटलंही. पण ते शब्द? तानूबाईनं त्या दिवसापासून कुणालाच तेल लावलं नाही. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तर माझा हात धरून म्हणाली, "तुमी शिकलेले हाय. सांगा की, गोदा माज्यावर रागावली व्हती, का दुसऱ्या पापातनं मला वाचवाया आलती?"

मला सांगता आलं नाही... अजूनही येत नाही.