स्पेसबारने जुळवलेली स्थळं

"नाईकबाई, तुमच्या यादीतला डॉक्टर फिटर निघाला!" फोनवर ठाण्याच्या पेंडसेबाई होत्या. त्यांचं वधूवर सूचक मंडळ होतं.

मी डोंबिवलीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अठरा वर्षं शिकवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि टायपिंगला मुली येईनाशा झाल्या होत्या. इन्स्टिट्यूटच्या मालक सरांनी एक कॉम्प्युटर घेतला, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून वेबपेज बनवायचं फुकट सॉफ्टवेअर त्यात टाकलं आणि मला म्हणाले, "टाइपरायटर मशीन्स मी विकतोय. पेंडसेबाईंच्या मंडळाचं पेज जमलं तर तुम्ही राहा. नाही तर..." मला कळलं.

वेबपेजमागे एचटीएमएल असतं, म्हणजे पान कसं दिसावं याच्या ब्राउझरला दिलेल्या सूचना. त्या सॉफ्टवेअर स्वतः लिहायचं, आपण फक्त टाइप करायचं. मग काय, माझ्या डाव्या हातचा मळ! साठ स्थळांची इंग्रजी यादी होती: नंबर, वय, उंची, शिक्षण. प्रत्येक रकाना मी मोजून स्पेस मारत जुळवला, टाइपरायटरवर जुळवतात तसा. रकाने अगदी सरळ उभे राहिले. फ्लॉपी ठाण्याला पाठवली.

फोन आल्यावर लगेच ठाण्यात नौपाड्याला गेले. पेंडसेबाईंचा स्क्रीन आमच्यापेक्षा लहान. ओळीत न मावलेलं शिक्षण खाली उतरलं होतं आणि पुढच्या मुलाचं वाटत होतं. एका मुलीच्या वडिलांना बाईंनी तेच वाचून दाखवलं. त्यांनी मुलाच्या घरी फोनही केला होता.

"अहो, वीस वर्षांचं नाव आहे माझं," बाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत नीट करा, नाहीतर नको मला ते इंटरनेट."

मी घाबरले होते. परत येऊन सॉफ्टवेअरचा मेनू पहिल्यांदा नीट वाचला. तिथे 'टेबल' होतं. त्यातला मजकूर, स्क्रीन केवढाही असो, आपल्याच चौकटीत राहतो. महिनाभर ते डोळ्यांसमोर होतं, पण स्पेसबार येत असताना मी कशाला बघतेय! साठच्या साठ स्थळं पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी सर सोबत आले. बाईंनी एकेक स्थळ रजिस्टरशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. चालेल."

जिना उतरताना सर म्हणाले, "मशीन्स शनिवारी जातील. तुम्ही सोमवारी वेळेवर या."

हायसं वाटलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या स्क्रीनवर पाहिल्याशिवाय मी पान झालं म्हणत नाही. लाज मात्र वेगळीच वाटते. अठरा वर्षं शेकडो मुलींना मोजून स्पेस मारायला मीच शिकवलं. त्या आता कुठल्या कुठल्या ऑफिसांत कॉम्प्युटरवर बसून तेच करत असतील.