आधी सोहळा, मग निकाल

नातीच्या पदवीदानाला मी माझी पांढरी टोपीच घालून गेलो. मुलगा म्हणाला, "आबा, ऊन बघा किती आहे, ही पुढे सावली देणारी कॅप घाला." मी घातली नाही. पन्नास वर्षं उन्हात उभं राहून विटा रचल्या, मला कोण उन्हाचं सांगतो?

स्टेडियममध्ये नाव पुकारलं. पोरगी काळा झगा सावरत मंचावर गेली, कुणा मोठ्या माणसाशी हात मिळवला, निळी फाईल घेतली आणि डोक्यावरच्या चौकोनी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे केला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मागचा गोरा "सर, प्लीज" म्हणाला. तरी मी बसलो नाही. आमच्या घराण्यात मुलींमधली ही पहिली पदवी.

दुसऱ्या दिवशी ती फाईल पिशवीत घालून मी बागेत गेलो. आमचं चँडलर म्हणजे वाळवंटातलं गाव, मे महिन्यात सकाळी सहालाच बाहेर पडावं लागतं, नंतर बाक तापतो. तिथं आम्ही तीन-चार म्हातारे बसतो. त्यात नागपूरचे एक निवृत्त हेडमास्तर आहेत. ते कशावरही तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत.

"काय गवंडीबुवा, पिशवीत काय?"

"नातीची डिग्री. तुम्ही शिकलेले, तुम्हीच वाचून दाखवा सगळ्यांना."

त्यांनी चष्मा लावला, फाईल उघडली. आत चार कोपऱ्यांना रिबिनी होत्या आणि एक चिठ्ठी. त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. "सगळ्या अटी पूर्ण झाल्यास मूळ प्रमाणपत्र टपालाने येईल." मग चष्मा काढून म्हणाले, "फाईल छान आहे हो."

बाकीचे हसले. मी पिशवी उचलली आणि तडक घरी आलो.

मुलगा-सून ऑफिसला गेले होते. नात टेबलाशी दूध-पोहे खात होती. ते इथले मक्याचे.

"गाडी काढ," मी म्हटलं. "तुझ्या कॉलेजानं रिकामी फाईल देऊन फसवलं. कागद घेऊनच परत यायचं."

"आबा, सगळ्यांनाच रिकामी देतात. इट्स नॉर्मल."

तिनं मला समजावलं. इथं सोहळा आधी होतो, निकाल मागून येतो. शेवटच्या परीक्षेचे मार्क लागले, की कॉलेज एकेक विषय तपासतं, आणि सगळे पुरे भरले तरच पदवी मिळाली म्हणायची. कागद त्यानंतर काही आठवड्यांनी टपालानं येतो. समजावणं ठीक होतं, पण बोलताना ती वाडग्यात बघत होती. सिमेंटचा माल बिघडवलेला बिगारी असाच दुसरीकडे बघून उत्तर देतो.

"आणि तुझे भरले का सगळे?"

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. विषयांची लांब यादी, प्रत्येकापुढे हिरवी खूण. एकापुढे लाल.

"स्टॅटिस्टिक्स. आय फेल्ड, आबा. आज सकाळी ग्रेड आली. आई-बाबांना माहीत नाही. शनिवारी पार्टी आहे, प्लीज काही बोलू नका."

"परत बसता येत नाही?"

"समरमध्ये येतं. शुक्रवारपर्यंत नाव घालायचं. पण तोच प्रोफेसर आहे. मी नाही बसणार त्याच्यासमोर परत. जॉब करीन कुठेतरी. कागद कोण बघतं?"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. माझ्याच तोंडून.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "मी सगळ्यांना सांगतो ना, की बापानं मला सातवीतून काढून कामाला लावलं? तुझ्या बाबालाही तेच माहीत आहे. ते खोटं आहे. मी सातवीच्या परीक्षेत नापास झालो. पुढच्या वर्षी परत बसता येत होतं. बाप रोज म्हणायचा, बस. पण ज्या मास्तरांनी वर्गात माझे मार्क मोठ्यानं वाचले, त्यांच्यासमोर मला जायचं नव्हतं. गवंड्याच्या हाताखाली गेलो आणि दोष बापावर टाकला. तो बिचारा काही बोलला नाही."

तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "कशात नापास?"

"गणितात."

"सो इट्स जेनेटिक!" ती हसली, आणि हसता हसता रडली.

संध्याकाळी आम्ही दोघांनी आपापलं सांगितलं. तिचं ऐकून मुलगा थोडा ओरडला. माझं ऐकून मात्र खाली बसला. "आबा, आजोबांना मी जन्मभर नावं ठेवली," एवढंच म्हणाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

सून म्हणाली, "पेढे ऑर्डर केलेत. लोकांना काय सांगू?"

"खरं सांग," मी म्हटलं. "निकालाआधी पेढे वाटायला निघालो, हे आपलंच चुकलं."

तिनं एकेकीला फोन करून पार्टी पुढे ढकलली. नातीनं नाव घातलं.

बाकावरही मीच सांगितलं. हेडमास्तर या वेळी हसले नाहीत. "तीस वर्षं गणित शिकवलंय मी," म्हणाले. "पाठवा तिला. सहाला. उशीर चालणार नाही."

मग रोज सकाळी बाकावर शाळा भरली. नाणं उडवायचं, छापा की काटा लिहायचं. ती इंग्रजीत भांडायची, ते मराठीत. "काका, दॅट्स नॉट हाऊ ही डझ इट!" "त्याचं राहू दे, उत्तर बरोबर आलं का सांग!" मला त्यातलं काही कळत नव्हतं. नाणं गवतात पडलं की शोधून आणायचं काम माझं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. दार लागायच्या आत एवढं दिसलं की ती पहिल्या रांगेत बसली. मी लायब्ररीत थांबलो. तिथं एवढा गारठा, की कानटोपी हवी होती.

उन्हाळा सरता सरता ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. लाल खूण हिरवी झाली होती. "बी मिळाला, आबा! बी!" मला वाटलं होतं, काठावर येईल.

कागद टपालानं आला, जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात. मी हात धुतले. तिनं तो निळ्या फाईलमध्ये ठेवला, चारी कोपरे मी रिबिनींखाली सरकवले.

सकाळी हेडमास्तरांनी तो कागद पहिल्या अक्षरापासून खालच्या सह्यांपर्यंत खणखणीत वाचला. मग हात पुढे केला. "पेढे?"

मी पिशवीतून डबा काढला. सगळ्यांना दिले आणि एक रुमालात बांधला.

"तो कुणाला?"

"माझ्या बापाला," मी म्हटलं. "परत बस म्हणत होता तो."