स्टेअरिंगची चिंधी

माझी बायको हौसा आन् मी मिळून शेवटचं काम केलं, ते ट्रॅक्टरच्या डिझेल लायनीतली एअर काढायचं. ती खाली वाकून हातपंप दाबत होती, मी वरचा नट ढिला करून धरला होता. नटातनं फसफस बुडबुडे यायचे. ती विचारायची, झालं का? मी म्हणायचो, अजून हाय. शेजारी बसून शेंगा फोडाव्यात, तसं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी ती उठली न्हाई.

एवढं गावाला ठाऊक हाय. पुढचं कुणाला ठाऊक न्हाई. पोरींना सांगितलं न्हाई, देवापुढं बसून बी कधी बोललो न्हाई. तुम्हाला का सांगतोय? ते बी मला धड सांगता यायचं न्हाई. ऐका.

मांडवगणला आमच्या वस्तीवर आलेला हा पहिला ट्रॅक्टर. तवा लालभडक होता, आता विटकरी झालाय. नदीकडच्या बाजूला पत्र्याच्या शेडात उभा. हौसाचा थोरला भाऊ सोपान त्याच्याखाली गेला, तवापासून तो चालू केला न्हाई. विकायला काढला, तर गिऱ्हाईक यायचं, चाकं दाबून बघायचं, मग गावात कुणाकडनं तरी ऐकायचं — आन् परत फिरकायचं न्हाई.

गेल्या दिवाळीपासनं हौसाला त्याचा आवाज यायला लागला.

दिवेलागणीला यायचा. आमच्याकडं आता बिबट्याच्या धाकानं दिवस बुडाला की कुणी रानात थांबत न्हाई. ऊस बी लोक दिवसाच भिजवतात. तवा त्या टायमाला नदीकाठी कुणाचा ट्रॅक्टर असणार? ती चुलीपुढनं उठायची आन् म्हणायची, "अहो, चालू झाला बघा." मी बॅटरी घेऊन शेडात जायचो. बॉनेटवर हात ठेवायचो. गार. परत येऊन सांगायचो, कुठं काय, तुझे कान गेलेत.

खरं सांगू? मला बी यायचा तो आवाज.

आवाज साधा न्हाई. सरळ चाललेल्या इंजिनाचा न्हाई. एकदम दबायचा, कशावर तरी चढत असल्यागत कण्हायचा — आन् मग मोकळा व्हायचा. तो दबायचा, तवा माझ्या हातातली भाकरी तशीच राहायची. ती माझ्याकडं बघायची. मी म्हणायचो, काय बघतीस, वाढ. किती दिवस असं केलं असंल मी?

मग एक दिवस तिनंच काढलं. म्हणाली, एकदा खराच चालू करा. खरा आवाज कानात गेला की खोटा जाईल. मी लई टाळलं. इंजिन जाम असंल, पार्ट मिळायचे न्हाईत, या वयात कुठं. ती म्हणाली, मी धरू लागते की.

लागलो कामाला. टाकीतलं जुनं डिझेल काकवीगत झालेलं, ते काढून टाकी धुतली. नोझल काढून भोकातनं तेल सोडलं आन् मुरू दिलं. रोज पुढनं हँडल घालून जोर लावायचो. हालत नव्हतं. एक दिवस आतनं कुणीतरी सुस्कारा सोडावा तसा आवाज आला आन् हँडल फिरलं. त्यो सुस्कारा मला आवडला न्हाई. एअर क्लीनर उघडला तर आत उंदराचं घर. कापसागत कुरतडलेली पांढरी चिरगुटं. कडेला हिरवा काठ होता. हौसानं वळखलं — सोपानचं उपरणं. त्या दिवशी मडगार्डवर टाकलेलं, कुणाच्या ध्यानात राहिलं न्हाई. तिनं एक एक चिरगूट येचून वटीत घेतलं. रडली न्हाई.

आता चूक सांगतो. किती वेळ फिरत बसणार?

या ट्रॅक्टरचा हँडब्रेक पहिल्यापासनं धरत नव्हता. आमच्या दारात उतार. म्हणून उभा करताना गिअरमध्ये टाकून ठेवायचा. आन् चालू करायचा स्विच बिघडलेला, तर खाली उभं राहून सेल्फच्या मोटरला पाना टेकवायचा की इंजिन सुरू व्हायचं. गिअरमध्ये असताना पाना टेकवला तर गाडी थेट अंगावर येणार, हे शेंबड्या पोराला बी कळतं. म्हणून मी रीत घातली होती — गिअरमध्ये ठेवला की स्टेअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की आधी वर चढून गिअर काढायचा, मग पान्याला हात लावायचा. या चिंधीपायी मी एका ड्रायव्हरला पारावर सगळ्यांदेखत शिव्या देऊन घालवला होता. माझी रीत म्हंजी रीत.

सोपान पेरणीला मदतीला कासुर्डीहून आला होता. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर मी लावला. सोसायटीच्या निवडणुकीची जीप रस्त्यावर हॉर्न वाजवत होती. गिअर टाकला, उडी मारली आन् पळालो. चिंधी माझ्या खिशात राहिली.

सकाळी सोपाननं स्टेअरिंग बघितलं. चिंधी न्हाई. त्यानं पाना टेकवला.

मी गोठ्यात होतो. तो आवाज तिथनं ऐकला — दबलेला, मग मोकळा.

माणसं जमली. कुणीतरी विचारलं, गिअरमध्ये कसा राहिला? मी तर खरं सांगणारच होतो — न्हाई, सांगणार नव्हतो. खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, मी चाकाला दगड लावून न्यूट्रल करून गेलो होतो. हौसा पहाटे सीटवरचा डबा काढायला वर चढली होती, हे मला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आन् हळू विचारलं, "माझ्या लुगड्याचा वढा लागला असंल का हो गिअरच्या दांडीला?"

एक 'न्हाई' पुरं होतं. मी म्हणालो, "लागला असंल."

चिंधी तवा माझ्या खिशातच होती. सांजच्याला चुलीत घातली.

त्यानंतर कासुर्डीचं दार तिला बंद झालं. सोपानची बायको, आमची वहिनी, ना बोलली ना तिनं कधी बोलावणं धाडलं. भाऊबीजेला हौसा चंद्राला ओवाळायची. एका वर्षी आभाळ भरून आलं, चंद्र दिसंना, तर ताट घेऊन ती शेडात गेली. पत्र्याच्या फटीतनं मी बघत होतो. तिनं ट्रॅक्टरला ओवाळलं. दिव्याची ज्योत वारा नसताना एका अंगाला दबली आन् परत सरळ झाली. मी घरात येऊन झोपलो.

तर त्या संध्याकाळी एअर निघाली. या खेपेला स्विच मी नवा बसवला होता — पाना घेऊन खाली उभं राहायची माझी छाती न्हाई. हौसाला भिंतीकडं उभी केली. गिअर काढला, हलवून बघितला, परत हलवून बघितला. स्विच मारला. धूर आला, घरघर झाली, आन् इंजिनानं सूर धरला. सरळ, साधा. नव्या गाडीगत.

ती कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "ह्यो त्यो आवाज न्हाई."

मी इंजिन बंद केलं. शेडात सगळं गप झालं. आन् नदीच्या अंगानं त्यो आला. दबला. मोकळा झाला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, पत्र्याकडं न्हाई.

"तुम्हाला खरंच येत न्हाई?"

मी म्हणालो, न्हाई.

ती हसल्यागत करून म्हणाली, मग ह्यो माझ्या एकटीचाच हाय म्हणायचा. भावाला मारलं, त्याचा. घरात येऊन पिठलं टाकलं, जेवलो. तिनं पाठ टेकली. उद्या च्या पिऊन झाल्यावर सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं. खरंच ठरवलं होतं का? आज वाटतं ठरवलं होतं.

सकाळी हाक मारली तर ती गार होती.

निरोप गेले. पोरी आल्या. आन् कुणाच्या ध्यानीमनी नसताना कासुर्डीहून वहिनी आली. काठी टेकत, माहेरची हिरवी साडी घेऊन. एवढ्या वर्षांनी. बाया बाजूला सरल्या. तिनं साडी हौसाच्या अंगावर घातली, तिच्या कपाळावरनं हात फिरवला आन् म्हणाली, "वन्सं, तुमची चूक मी पोटात घातली. आता मोकळ्या व्हा." सगळ्या बाया रडायला लागल्या.

मग ती माझ्याकडं वळली. म्हणाली, "दाजी, मी लई ताणलं का वो? तुम्हीच सांगा. वन्संनी काय मुद्दाम केलं व्हतं?"

हौसा समोर होती. वहिनी समोर होती. आता कुणाची भीती होती मला? पारावरची माणसं सुद्धा कवाच मरून गेलीत.

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. चूक तिची व्हती, ते ती बी मानत व्हती."

वहिनीनं मान हलवली. मी खाली वाकून साडीचा काठ हौसाच्या पायापर्यंत नीट ओढला आन् माणसांना उचला म्हणालो.