तीन कड्यांची डबी

माझ्या मेहुण्याइतका भित्रा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याची भीती शेजारी बसणाऱ्यालाही लागते. साप, पोलीस, बायको असल्या साध्यासुध्या गोष्टींना तो भीतच नाही. तो भितो झिरपण्याला. विद्यापीठात तो उजेडावर संशोधन करतो. नखाएवढ्या चकतीवर केसाहून बारीक तीन कड्या, तिघी एकमेकींना खेटून, आणि त्यांत उजेड गरगर फिरवायचा. "दाजी, हरेक कडीला शेजारणीच्या उलटं वागायचंय. दोघी असल्या तर जमतंय. तिसरीनं कुणाच्या उलटं वागावं? ती अडकून बसती. आन् ह्यांचं भांडण मिटूस्तोवर उजेड झिरपून जायलाय!" हे सांगताना चेहरा असा, की घरात गॅसच गळतोय. तेव्हापासून तो तिघांत बसत नाही. पंगतीत तशी पाळी आलीच, तर चौथा माणूस हाताला धरून आणतो. बंद नळाखाली बोट धरून बघतो. त्याच्या नादानं मीही हल्ली नळ बंद करून पुन्हा तपासायला जातो, आता काय सांगायचं!

प्रयोगशाळेत कुणी हात लावील, या धास्तीनं एकदा त्यानं ती चकती डबीत घालून चुडाव्याला घरी आणली. त्याची पदवी त्या एका चकतीवर अडकलेली. इकडे माझ्या सासूबाईंची रीत अशी, की पोरांनी शिक्षणातलं काहीही घरी आणलं, की ते आधी बुद्धमूर्तीपुढे उघडून ठेवायचं आणि मेणबत्ती-अगरबत्ती लावायची. हा आंघोळीला गेला, तेवढ्यात डबी मूर्तीपुढे, झाकण उघडं, आणि अगरबत्तीचा धूर थेट चकतीवर! त्या कड्यांना माणसाचा श्वासही सोसत नाही. तो बाहेर आला, पाहिलं आणि पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हा ओरडणार आणि ती माउली जन्मभर स्वतःला दोष देत बसणार.

"काय झालं रे बाळा? चुकलं का काई माझं?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"न्हाई माय. लय बेस केलंस," तो म्हणाला.

चकती वाया गेली. नवी होईस्तोवर पदवी लांबली. सासूबाईंनी कारण विचारलं, की तो म्हणतो, "साहेब लय कडक हायत, माय." अजूनही घरी येताना तो तीच काजळी धरलेली चकती आणतो आणि झाकण उघडून स्वतःच मूर्तीपुढे ठेवतो. मग मधे सासूबाई, एका बाजूला तो, एका बाजूला मी, असे हात जोडून बसतो. चौथा माणूस तो शोधत नाही. सासूबाईंचा चेहरा अभिमानानं फुललेला असतो. माझ्या तोंडून एखाद्या दिवशी हे झिरपेल, या भीतीनं मी मात्र ओठ घट्ट मिटून असतो.